पोलीस कोठडी तुकड्यातुकड्यांत: तपासाची सोय की टांगती तलवार?

कोर्टकचेरी (धागाकर्ता):
जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६७ खाली पोलीस कोठडी पहिल्या १५ दिवसांतच मिळायची. सुप्रीम कोर्टाच्या अनुपम कुलकर्णी निकालाने (१९९२) ते पक्कं केलं होतं. १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १८७ आलं. दिवस तेवढेच, १५. पण आता ते पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत (गुन्हा किती गंभीर त्यावर) तुकडे पाडून मागता येतात. चार दिवस पीसीआर (पोलीस कोठडी), मग एमसीआर (न्यायालयीन कोठडी), महिन्याने पुन्हा पीसीआर. परत कधी नेतील या धास्तीनेच माणूस मोडतो, हात लावायचीही गरज नाही. ही तरतूद रद्द व्हावी.

दुसरी बाजू:
आणि रिमांड मिळताच ज्यांच्या छातीत दुखायला लागतं त्यांचं काय? कोळसा चोरीच्या एका प्रकरणात सीबीआयला सात दिवस मिळाले होते. आरोपी इस्पितळात गेला, चौकशी झाली जेमतेम अडीच दिवस. शेवटी २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने आणखी चार दिवस दिले. आर्थिक गुन्ह्यांत तर बँकांचे उतारे हाती येईपर्यंत पंधरवडा उलटतो. विचारायचं काय, डोंबल?

कोर्टकचेरी:
त्यावर एक ओळ पुरली असती: आरोपीमुळे वाया गेलेले दिवस धरू नयेत. पाकीटमारालाही ४० दिवस टांगून ठेवायची काय गरज होती?

नवखा वकील:
याच नव्या संहितेचं कलम ४८० वाचा. पंधरा दिवसांनंतर पोलीस कोठडी लागेल, एवढ्याच कारणावर जामीन नाकारता येत नाही.

तालुका बार:
वकीलसाहेब, एकदा रिमांडला येऊन बसा. ‘पीसीआरचा हक्क राखून एमसीआर द्यावी’ असं रिमांड रिपोर्टात लिहिलेलं असतं. मग जामिनाला सरकारी वकिलांचं म्हणणं यायचं, त्याला पुढची तारीख. दरम्यान पोलीस पुन्हा कोठडी मागतात. पीसीआरला व्हीसी (व्हिडिओवरून हजेरी) चालत नाही, प्रत्यक्ष हजर करावं लागतं, हे खरं. पण मॅजिस्ट्रेट साहेब विचारतात ‘काही तक्रार?’ तेव्हा ज्याच्या ताब्यात परत जायचंय तो हवालदार शेजारीच उभा असतो. कोण तोंड उघडेल?

दुसरी बाजू:
मग दोष कलमाचा की मॅजिस्ट्रेटचा? कारणं न तपासता सही करणारे जुन्या कायद्यातही होतेच.

कोर्टकचेरी:
होते. पण त्याच गुन्ह्यात सोळाव्या दिवशी त्यांना पीसीआरवर सही करताच यायची नाही.