आठवीला चक्रीय अर्थव्यवस्था शिकवायची आहे, मोबाइल-टॅबवर काय वापरू?

नदीकाठ (वाळवा तालुका)
नमस्कार. मी आठवीला विज्ञान शिकवते. शाळेत स्मार्ट टीव्ही आहे, थोडे टॅब आहेत, नेट येऊन-जाऊन. चक्रीय अर्थव्यवस्थेवर (उरलेलं फेकून न देता पुन्हा वापरात आणणं) एक व्हिडिओ दाखवला, परदेशातल्या फर्निचर कारखान्याचा. प्रश्नमंजूषेत बहुतेकांना पैकीच्या पैकी. त्याच संध्याकाळी वर्गातला एक मुलगा वडिलांसोबत खोडव्याच्या (तोडणीनंतर पुन्हा फुटणाऱ्या उसाच्या) रानात पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पानं, पेटवताना दिसला. फार लागलं मनाला. इथल्या साखर कारखान्याचा भोंगा वर्गात ऐकू येतो, मग उदाहरण एवढ्या लांबचं कशाला? ऊस धरून शिकवायचं तर कोणती साधनं घेऊ?

बॉयलरहाउस
मॅडम, मी कारखान्याच्या लॅबमध्ये आहे. १०० टन ऊस गाळला की साधारण १० ते १२ टन साखर, २८ ते ३० टन बगॅस (रस काढलेला चोथा), चारेक टन मोलॅसिस (साखर काढून उरलेला काळा पाक) आणि तीन-चार टन प्रेसमड (रस गाळून उरलेला गाळ) निघतो. बगॅस बॉयलरला, त्यातून वाफ आणि वीज. मोलॅसिसचं इथेनॉल, प्रेसमडचं खत. सँकीमॅटिक नावाची फुकट वेबसाइट आहे. तिथे एका ओळीत 'ऊस [२९] बगॅस' असं टाकायचं, फक्त आकडा इंग्रजी अंकात. आकड्याच्या मापाने जाड-बारीक पट्टे आपोआप निघतात. बगॅसचा पट्टा साखरेपेक्षा जाड दिसला की मुलं स्वतःच विचारतील.

पाटीपेन्सिल (कराड)
कारखान्याच्या आतलं चक्र बऱ्यापैकी फिरतंय, तुटतंय ते रानात. म्हणून मी पाचटापासूनच सुरुवात करीन. गुगल अर्थमध्ये प्रत्येकाने आपलं रान मोजावं. हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघतं, म्हणजे एकरी तीन-चार टन. मुलगा स्वतःच्या रानाचा आकडा काढतो तेव्हा तो त्याचा होतो, पुस्तकातला राहत नाही.

मग नासाचा 'फर्म्स' नकाशा उघडा. उपग्रहाला दिसलेल्या आगी त्यावर ठिपक्यांनी येतात. उपग्रहावरच्या व्हीआयआयआरएस या उपकरणाचा एक ठिपका म्हणजे सुमारे ३७५ मीटरचा चौकोन. हंगामात आपला पट्टा बघाच. पण हा उपग्रह आपल्यावरून दुपारी आणि मध्यरात्री दीडच्या सुमारास जातो. संध्याकाळी पेटवून तासाभरात विझलेलं पाचट त्याला बहुधा दिसतच नाही. इथेच खरा धडा आहे. मुलांनी गुगल शीटमध्ये आग दिसली ती जागा आणि वेळ लिहावी, नाव कुणाचंही नको. दोन्ही याद्या शेजारी ठेवा, नकाशाने काय सोडलं ते मुलं शोधतील. नेट नसेल तर फर्म्सची माहिती आधी उतरवून ठेवता येते.

नदीकाठ
सर, नाव लिहायचं नाही हे बरं सांगितलंत, नाहीतर घराघरांत भांडणं लागली असती. पण मुलं घरी सांगतील "पेटवू नका", तर वडील विचारणार, मग करू काय?

खोडवा
ताई, आम्ही ठेवतो पाचट. ऊस गेला की ते सरीत दाबायचं, बुडखे जमिनीलगत छाटायचे. पाचटाच्या टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो कुजवणारं जिवाणू खत टाकून पाणी द्यायचं. ओल टिकते, तणही कमी येतं. त्या शीटमध्ये एक रकाना वाढवा: पाचट ठेवलेल्या रानाला किती दिवसांनी पाणी लागलं आणि शेजारच्या पेटवलेल्याला किती. बापाला हाच आकडा पटतो. मुलांना घेऊन आमच्या रानात या, बुडखे छाटण्याच्या वेळी आलात तर सगळं डोळ्यांनी बघायला मिळेल.