पोटात पोचलो हे जंतूला कळतं कसं?

फोंड्याची_बाय
नमस्कार सगळ्यांना. मी बीएस्सी मायक्रोच्या शेवटच्या वर्षाला आहे. चवथीच्या सुट्टीनंतर लगेच सेमिनार आहे आणि विषय मीच मागून घेतलाय, पोटाचे रोगजंतू आपले व्हिर्युलन्स जीन्स, म्हणजे रोग घडवणारे जीन्स, चालू-बंद कसे करतात. नोट्समध्ये कुठलं प्रोटीन कुणाला चालू करतं याचे नुसते बाण आहेत, कॉलऱ्यात टॉक्सआरकडून टॉक्सटी, शिगेलात व्हिरएफकडून व्हिरबी, पाठ झालेत पण डोक्यात बसत नाहीत. जंतूला ना डोळे ना नाक, मग आपण बांवच्या (विहिरीच्या) पाण्यात आहोत की माणसाच्या आतड्यात हे त्याला समजतं कसं? आणि मुळात बंद ठेवायचेच कशाला, कायम चालू ठेवले तर त्याचं काय बिघडतं? कॉलऱ्यात गर्दी वाढली की विष बंद होतं असं लिहिलंय, ती छपाईची चूक आहे का?

ताळगाव_पठार
आधी "कशाला" बघू, कारण तिथेच सगळं आहे. साल्मोनेला हा जुलाबाचा जंतू आपल्या आतड्याच्या पेशीत घुसायला सुईसारखं यंत्र बांधतो, टाइप थ्री सिक्रीशन, आणि ते बांधायला एवढी प्रोटीन्स लागतात की ज्या पेशी ते चालू करतात त्यांची वाढ मंदावते, म्हणून एकाच फ्लास्कमध्ये एकाच आईची लेकरं असूनसुद्धा काही चालू तर काही बंद सापडतात. कायम चालू ठेवणारा बाकीच्यांच्या मागे पडतो.

आता "कसं". शिगेला घे, रक्ती आवेचा जंतू, सगळ्यात सोपा. ३० डिग्रीला वाढवला तर घुसखोरीचे जीन्स गप्प, ३७ ला जागे. व्हिरएफच्या प्रमोटरवर, म्हणजे जीनच्या सुरुवातीच्या स्विचवर, दोन ठिकाणी एच-एनएस नावाचं प्रोटीन बसतं, मधला डीएनए मुळातच वाकलेला असतो म्हणून दोन्ही बाजू जवळ येतात आणि जीन दाबला जातो. साधारण ३२ डिग्रीच्या वर तो बाक सैल होतो, एच-एनएस सुटतं, व्हिरएफ बनतं, ते व्हिरबीला उठवतं आणि व्हिरबी घुसखोरीच्या जीन्सना. म्हणजे थर्मामीटर हा डीएनए स्वतःच आहे! मी हे पहिल्यांदा काँगो रेड या लाल रंगाच्या प्लेटवर बघितलं (जीन्स जागे असले की कॉलनी रंग शोषते), ३७ ला ठेवलेल्या प्लेटवर लालभडक कॉलनी, तोच स्ट्रेन (वाण) ३० ला पांढरट. ते दोन प्लेट शेजारी शेजारी ठेवलेले अजून डोळ्यासमोर आहेत. सेमिनारला हाच फोटो पहिला लाव. फक्त ३७ ला पण मधेच पांढरी कॉलनी दिसली तर गोंधळू नको, तिथे बहुतेक व्हिर्युलन्सचे जीन्स असलेला प्लास्मिडच (डीएनएचं सुटं कडं) गेलेला असतो.

बेतूलकार
मी सायन्सचा नाही पण विचारतो. आमच्याकडे तिसऱ्यो (खाडीतले शिंपले) आठवड्यातून दोनदा असतात. एकदा नीट न उकडलेल्या खाल्ल्या आणि घरातली चौघं रात्रभर आडवी. तो जंतू खाडीतच असतो ना, मग तिसऱ्योंना काही होत नाही आणि आम्हालाच कसं?

निवृत्त_लॅब_म्हापसा
बेतूलकार, तुमच्या घरी नक्की कुठला होता ते टेस्टशिवाय सांगता येणार नाही, पण शिंपल्यांच्या बाबतीत पहिला संशय व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकसवर जातो. १९५० साली जपानात ओसाकाच्या साथीत तो पहिल्यांदा ओळखला गेला. मचूळ पाण्यात तो सुखाने राहतो. आपल्या आतड्यात आला की पित्ताचे क्षार त्याच्या व्हीटीआरए आणि व्हीटीआरसी या जोडप्रोटीनला चिकटतात आणि त्याचं सुईयंत्र चालू होतं. खाडीत पित्त कुठलं! नीट उकडून खा, तेवढं पुरे.

बाय, आता तुझा कॉलरा. चूक नाही, बरोबर छापलंय. मजा बघ, तेच पित्त कॉलऱ्याच्या व्हिब्रिओला उलटं सांगतं. पित्तातली फॅटी ॲसिड्स टॉक्सटीला, म्हणजे विषाचे जीन्स चालू करणाऱ्या प्रोटीनला, चिकटून त्याला गप्प करतात. आतड्याच्या पोकळीत विष करून उपयोग नाही, भिंतीला चिकटल्यावरच उपयोग. म्युकस (भिंतीवरचा चिकट थर) ओलांडून भिंतीजवळ गेला की पित्त कमी, बायकार्बोनेट जास्त, आणि बायकार्बोनेटने टॉक्सटीला जोर येतो. म्हणून कॉलऱ्याचा एल टॉर स्ट्रेन साध्या ब्रॉथमध्ये (वाढवायच्या पातळ द्रवात) विष करायला कंटाळतो, त्याला बायकार्बोनेट घातलेलं एकेआय मीडियम लागतं, आधी काही तास नळी न हलवता उभी, मग शेकरवर. गर्दीचं म्हणशील तर, पेशी विरळ असतात तेव्हा एएफए (AphA) प्रोटीन विषाकडे जाणारी वाट उघडी ठेवतं, दाटी झाली की हॅपआर नावाचं दुसरं प्रोटीन येतं, एएफए बंद करतं आणि भिंतीपासून सुटायला मदत करणारं प्रोटीएज (प्रोटीन कापणारं एन्झाइम) बनवतं. त्याला आता बाहेर पडून पुढच्या पाण्यात जायचं असतं. जुलाब तर आधीच सुरू झालेले असतात.

फोंड्याची_बाय
सर, म्हणजे बाण पाठ करण्याआधी जंतू त्या क्षणी कुठे उभा आहे ते विचारायचं! आणि शिगेलाला पित्त आवडतं की नाही?

ताळगाव_पठार
आवडतं. डीऑक्सिकोलेट हा पित्ताचा क्षार दिला की त्याच्या सुईयंत्राचा स्राव वाढतो, त्याला मोठ्या आतड्यात काम आहे, पित्त दिसलं म्हणजे लहान आतड्यातून चाललोय, तयारीला लागायचं. साल्मोनेलाच्या घुसखोर जीन्सवर मात्र पित्ताचा दाब येतो. चार जंतू, एक पित्त, असा एक तक्ता कर आणि प्रत्येकापुढे आतड्यातली त्याची जागा लिही.