बातम्यांच्या नकलेनं खेडं बिघडलं म्हणे!

वणीकडचा:
काल इथं एकानं लिहिलं, की बातमीपत्राच्या थाटातले विनोदी कार्यक्रम बंद करा. शहरातला माणूस हसून सोडून देतो, पण "खेड्यातल्या साध्या माणसाला खरं-खोटं कळत नाही". तेव्हापासून डोकं फिरलं हाये. साधा माणूस म्हणजे कोण राजेहो? आमच्या पानठेल्यावरचा म्हातारा आमदाराचं भाषण दोन वाक्यांत ओळखते. 1989 साली विनोदवीर जसपाल भट्टी दूरदर्शनवर ठेकेदारांपासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांची सालटी काढत होता, तेव्हा एका टीव्हीपुढं अख्खी गल्ली बसे. कोणी फसलं नाही. अमेरिकेत 'द डेली शो' हा बातम्यांच्या नकलेचा कार्यक्रम 1996 पासून चालू हाये. आपल्याकडं विनोदवीर सायरस ब्रोचानं न्यूज चॅनलवरच बसून बातम्यांची खिल्ली उडवली, चॅनल काही बुडालं नाही. बातमीवरचा विश्वास घालवला तो खऱ्या बातम्यांनी. ऑगस्ट 2025 मध्ये कापसावरची 11 टक्के आयात ड्यूटी काढली; त्या रात्री आमच्या टीव्हीवर चार चौकटींत चार जण भांडत होते, कापसाचं नाव नाही. मग नकलाकाराले काहून झोडपता?

निवृत्त मास्तर:
ते लिहिणारा मीच. आणि मी पुण्यात बसून लिहीत नाही, दारव्हा तालुक्यातच राहतो. तुमचा म्हातारा हुशार असेल. माझा थोरला भाऊ फसला. 2022 मध्ये कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर विकला होता, ती चव जिभेवर होती. पुढच्या हंगामात मोबाइलवर एक तुकडा आला: कोटवाला निवेदक, खाली लाल पट्टी, "कापूस पंधरा हजार पार". पुढचा हशा कोणीतरी कापून टाकलेला. भावानं मधल्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस कोंबला. नातवंडं रात्रभर अंग खाजवायची, वहिनी ओसरीत झोपायची. उन्हाळ्यात तोच माल आठ हजारांच्या आत गेला. आता सांगा, हसू का रडू?

ठाण्यातला वऱ्हाडी:
तुम्ही दोघंही मूळ दुखणं सोडून बोलताय. या कार्यक्रमांत निवेदक नेहमी शुद्ध बोलणारा, आणि "गावचा वार्ताहर" म्हटला की धोतर, वाकडी टोपी आणि वऱ्हाडी बोली. विनोद सरकारवर नसतोच, आमच्या बोलण्यावर असतो. ऑफिसात मला रोज कोणीतरी "जरा बोलून दाखव ना तुमच्यासारखं" म्हणतं. माकड आहे का मी?

वणीकडचा:
भरत गणेशपुरे आपल्या अमरावतीकडचाच ना? त्यानं हीच बोली टीव्हीवर गाजवली. तेव्हा टाळ्या, आता रडणं?

ठाण्यातला वऱ्हाडी:
तो त्याची स्वतःची बोली बोलतो. मी बोलतोय उसनी आणणाऱ्यांबद्दल. एका तुकड्यात यांचा वार्ताहर जुलैत कापूस वेचणाऱ्या बायांची मुलाखत घेत होता. जुलैत! जूनमध्ये पेरलेलं जुलैत बोंडावर आलं म्हणे. ज्यांना वेचणी दसरा-दिवाळीची हे माहीत नाही, ते काय व्यंग करणार शेतकऱ्याच्या हालांवर?

झाडीतला:
अरे, टीव्हीचं कायले घेऊन बसले? आमच्या झाडीत, म्हणजे भंडारा-गोंदियाकडं, दिवाळीनंतर मंडई म्हणजे गावची जत्रा भरते. दंडार होते, खडी गंमत होते, सारी गावची लोकनाट्यं. मागच्या वेळी सोंगाड्यानं घरकुलाचा पैसा कुठं मुरला ते नावानिशी सांगितलं, आणि सरपंच पहिल्या रांगेत बसला होता! त्यानंच वर बक्षीस दिलं. स्टुडिओत बसून मंत्र्याची नक्कल कराले हिंमत नाही लागत, गावात राहून सरपंचाची कराले लागते.

निवृत्त मास्तर:
वा! मग ते घरकुल मिळालं का?

झाडीतला:
नाही मिळालं. तुमच्या शाळेतल्या भाषणांनी किती मिळाले, तेही सांगा.

निवृत्त मास्तर:
वैयक्तिक येऊ नका. मी चौतीस वर्षं शिकवलंय.

वणीकडचा:
मास्तर, शांत व्हा. हशा कापून तुकडा फिरवणाऱ्याले पकडा, मी तुमच्यासंगं पोलीस ठाण्यात येतो, इतकं मान्य. पण त्या वर्षी "भाव वाढणार, थांबा" म्हणणारे कोट घातलेले खरे तज्ज्ञही होते. दादा त्यांच्यामुळं थांबले नाही कशावरून?

निवृत्त मास्तर:
दोघांमुळं थांबला असेल. ठीक, बंदी नको. आपण सगळेच फार शहाणे आहोत, चालू द्या! पण कार्यक्रमभर पडद्यावर ठसठशीत "विनोद" लिहा, म्हणजे कुठूनही कापला तरी दिसेल.

वणीकडचा:
हे चालेल. हे आधी लिहिलं असतं तर मी झोपलो असतो.

ठाण्यातला वऱ्हाडी:
आणि जुलैतल्या कापसाचं? त्यावर कोणीच बोललं नाही.

झाडीतला:
तुमचं आपलं कापूस, कापूस अन् कापूस! भंडारा-गोंदियात धान पिकते, हे टीव्हीवाल्यांले माहीत नाही अन् तुमालेही नाही. 2025-26 च्या हंगामात धानाचा आधारभूत भाव 2,369 रुपये क्विंटल होता, त्यावर नकलेतही कोणी बोललं नाही. वेगळा धागा काढतो, तिथं या भांडाले.