नॅसमधली (नेटवर्कवरच्या सामाईक साठवणपेटीतली) एक डिस्क गेली, बदलताना काय बघायचं?

प्रश्न: चार बे (डिस्कचे खण), रेड ५ (डेटा सगळ्या डिस्कवर विभागून ठेवणारी, एक डिस्क गेली तरी टिकणारी रचना), प्रत्येकी ४ टीबी. तिसरी डिस्क 'फेल्ड', व्हॉल्यूम (चारही डिस्क मिळून झालेली साठवण) 'डिग्रेडेड', म्हणजे चालू पण आधाराविना. सरळ काढून नवी घातली तर चालेल?

उत्तर १: आधी बॅकअप. आता आणखी एक डिस्क गेली की सगळंच गेलं. रीबिल्डमध्ये (गेलेल्या डिस्कचा डेटा नवीवर पुन्हा तयार होताना) उरलेल्या तिन्ही डिस्क तासन्‌तास वाचल्या जातात. कुरकुरणारी नेमकी तेव्हाच मान टाकते. त्यांचे स्मार्ट आकडे (डिस्कने स्वतःच नोंदवलेली तब्येत) बघा, 'पेंडिंग सेक्टर' (नीट वाचता न येणारे संशयित भाग) शून्य हवेत.

उत्तर २: बे क्रमांकावर विसंबू नका. बिघडलेल्या डिस्कचा सिरीयल नंबर लिहून घ्या, नॅस बंद करा, मग ट्रे काढून लेबलशी जुळवा. चालू नॅसमधून चुकीची ओढली की खेळ खल्लास.

उत्तर ३: नवी ४ टीबी किंवा मोठी, आणि सीएमआरच (डेटाच्या पट्ट्या एकमेकींवर न चढवणारी). एसएमआरवर (पट्ट्या एकमेकींवर चढवणारीवर) सलग लिहिताना वेग कोसळतो, रीबिल्ड दिवसेंदिवस रेंगाळतो.