मुख्याध्यापक फक्त सहीपुरते दिसतात

छात्राध्यापकांना, म्हणजे बी.एड. करणाऱ्या पोरांना, मुख्याध्यापक म्हणजे सही-शिक्क्याचा माणूस वाटतो, असं म्हणतात. ते मला पटतं. पण दोष त्या पोरांचा नाही. २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं, आंतरवासिता म्हणजे शाळेत राहून शिकवण्याचा सराव २० आठवड्यांचा झाला, तरी मुख्याध्यापकांची गाठ पडते ती हजर होताना आणि शेवटी प्रमाणपत्र घेताना. एरवी ते यू-डायसच्या, म्हणजे सरकारला भरून द्यायच्या शाळेच्या माहितीत नाहीतर पोषण आहाराच्या हिशेबात मान घालून बसलेले.

आमच्या बीडकडं दिवाळीच्या सुमारास चित्र वेगळं असतं. ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आधी आमचे सर तांड्यावर जायचे, छात्राध्यापकांनाही सोबत न्यायचे. उंबऱ्याशी बसून म्हातारीला समजावायचे, "मावशी, लेकराला तुमच्यापाशी ठेवा. हंगामी वसतिगृहात दोन टाइम जेवण मिळतं, शाळा बुडत नाही." बाप ऐकेना तर संध्याकाळी पुन्हा जायचे. ते पाहिलेली पोरं सरांशी वेगळ्याच आदरानं बोलायची, पाठाच्या टाचणापेक्षा पटसंख्येबद्दल जास्त विचारायची.

म्हणून माझं स्पष्ट मत, बी.एड. कॉलेजांनी किमान एक आठवडा छात्राध्यापकांना मुख्याध्यापकांच्या सोबत फिरवावं. त्यापायी दोन पाठ कमी झाले तरी चालतील.