पुस्तक फुकट आहे म्हणून ते खुलं होत नाही!

शाईडाग
कालच्या धाग्यात एक वाक्य वाचलं आणि राहवलं नाही : "पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ फुकट ठेवा, उच्चशिक्षणातली निम्मी विषमता तिथेच संपते." खाली +१ ची रांग. अहो, फुकट आणि खुलं यांत फरक आहे! चुकलेलं उदाहरण दुरुस्त करून वर्गाला देता येत नसेल, तर ते पुस्तक नुसतंच फुकट. क्रिएटिव्ह कॉमन्सचा (सीसी) बीवाय-एनसी-एनडी परवाना बघा : लेखकाचं नाव द्या (बीवाय), धंद्यासाठी वापरू नका (एनसी), बदललेलं वाटू नका (एनडी). ४.० आवृत्तीत भाषांतर स्वतःपुरतं करायला मुभा आहे, वाटायला नाही. मूळ भाषा न येणाऱ्या विद्यार्थ्याच्या पदरात काय पडलं?

खडूफळा
तत्त्व बरोबर, निदान चूक. शिक्षक नुसतं पुस्तक बघून निवड करत नाहीत. प्रश्नपेढी, स्लाइड आणि आपोआप तपासला जाणारा गृहपाठ सोबत मिळतो का, ते बघतात. दोनशेच्या वर्गाच्या वह्या हाताने कोण तपासणार? प्रकाशक हे ओळखून आहेत, म्हणून गृहपाठाचा कोड विकतात : एका विद्यार्थ्यापुरता, सत्र संपलं की बंद. जुनं पुस्तक हातोहात फिरायचं, कोड फिरत नाही. ओपनस्टॅक्सची पुस्तकं २०१२ पासून फुकट आहेत, त्यांना वेबवर्कसारखी खुली गृहपाठ प्रणाली जोडता येते. पण तिथे प्रत्येकाला वेगळे आकडे येतात, आणि प्रश्न लिहिणाऱ्याने शून्य वगळलं नसेल तर कुणाच्या तरी छेदात ते नेमकं मुदतीच्या आदल्या रात्री उगवतं. सर्व्हर कोण सांभाळणार, प्रश्न कोण दुरुस्त करणार, त्याचा पगार कोण देणार? यावर +१ वाले गप्प.

तळटीप
पुस्तकांत कसले अडकलात! खरी लूट जर्नलांत आहे. लेख सगळ्यांना फुकट वाचता यावा म्हणून लेखकाच्या बाजूने भरायचा दर ‘नेचर’ने २०२० मध्ये एका लेखाला ९,५०० युरो जाहीर केला. आधी वाचक दाराबाहेर होता, आता लेखक. हायब्रिड जर्नलं तर वर्गणीही घेतात आणि लेखाचे पैसेही. उपाय आहे, पण वेळेवर करावा लागतो. लेख पाठवतानाच हक्क राखून ठेवल्याचं वाक्य त्यात घाला, हस्तांतराच्या फॉर्मवर सही करण्याआधी अटी वाचा, मग स्वीकृत हस्तलिखित (जर्नलने मान्य केलेला, पण मांडणी न केलेला मसुदा) संस्थेच्या ऑनलाइन भांडारात ठेवा. जर्नलने मांडणी केलेली पीडीएफ तिथे चढवू नका, नोटीस त्यावरच येते.

शाईडाग
जर्नलांचा वेगळा धागा काढा की.

तळटीप
हा तुमच्या नावावर केलाय का? असो.

उपटसुंभ
एनडी नको, कबूल. एनसी मात्र हवंच. लेखकाने राबायचं आणि मलिदा भलत्यानेच खायचा?

शाईडाग
त्या एनसीनेच घोळ होतो. विकिपीडियाचा मजकूर बीवाय-एसए (एसए म्हणजे बदललेलं त्याच परवान्याखाली द्या). एमआयटी ओपनकोर्सवेअरच्या नोट्स बीवाय-एनसी-एसए. दोन्हींतले परिच्छेद विणून एक प्रकरण केलं, तर ते द्यायचं कुठल्या परवान्याखाली? एसए असल्याने दोघेही म्हणणार, माझ्याच. वेगवेगळे दोन्ही कामाचे, एकत्र केले की निकामी.

उपटसुंभ
विणायचं कशाला? स्वतंत्र प्रकरणं ठेवा, प्रत्येकाखाली त्याचा परवाना लिहा. तो संग्रह झाला, रूपांतर नव्हे. परवाना शेवटपर्यंत वाचलात का?

शाईडाग
वाचलाय, आभारी आहे. एका प्रकरणात सदिश ठळक अक्षरात, दुसऱ्यात डोक्यावर बाण. विद्यार्थ्याने काय समजायचं? बरं, एनसीने छपाईवाला अडतो म्हणावं तर तेही नाही. एनसी परवान्याचं शालेय साहित्य काढणाऱ्या ग्रेट माइंड्सने फेडेक्स ऑफिस या छपाई-दुकानांच्या कंपनीवर दावा लावला होता, २०१८ मध्ये अमेरिकेतल्या अपील न्यायालयाने सांगितलं की शाळांसाठी पैसे घेऊन प्रती काढणारं दुकान एनसी मोडत नाही.

उपटसुंभ
शाळांच्या सांगण्यावरून काढल्या म्हणून! दुकानाने आपणहून गठ्ठे छापून विकले असते तर? निकाल सोयीपुरता वाचू नका.

शाईडाग
बरं, एवढं तुमचं खरं. तरी मी बीवाय-एसएच म्हणेन. विकेल तो विको, सुधारलेली आवृत्ती त्याला त्याच अटीवर खुली ठेवावी लागते.

पुरवणी
परवान्यावर रक्त आटवताय, फाइल कुणी उघडून पाहिलीत? सूत्रं चित्रं म्हणून चिकटवलेली. अंध विद्यार्थ्याला मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर "चित्र" म्हणतो आणि पुढे सरकतो. आकृतीतली नावं चित्रातच भाजलेली, म्हणजे भाषांतरकाराने आकृती पुन्हा काढायची. बीवाय परवाना असून काय उपयोग? सूत्रं मॅथएमएलमध्ये (वाचता येणाऱ्या सूत्रांची वेबभाषा) द्या, आकृत्या एसव्हीजीमध्ये (ज्यातली अक्षरं बदलता येतात असं चित्र-स्वरूप), आणि निर्यात करताना अक्षरांच्या रेघा करून टाकू नका, नाहीतर एसव्हीजीतही नावं बदलता येत नाहीत. सोबत ज्यातून पुस्तक जुळवलं ती मूळ लाटेक फाइल. नुसती पीडीएफ मिळाली तर सूत्रं पुन्हा टंकत बसायचं, आणि त्यात उणे चिन्ह हमखास गळतं.

खडूफळा
पुरवणी, पटलं. शाईडाग, आता सांगा, मूळ फाइलसोबत उत्तरंही उघडी टाकायची? दुसऱ्या दिवशी गृहपाठ सगळ्यांचा सारखाच येईल.

शाईडाग
उत्तरं शिक्षकांपुरती ठेवा. हो, म्हणजे माझं "खुलं" तिथे थांबतं. झालं समाधान?

उपटसुंभ
एनसी लावलं की आम्ही कंजूष, उत्तरं झाकली की तुम्ही शिक्षणतज्ज्ञ. छान.

तळटीप
९,५०० युरोंवर अजून कुणी तोंड उघडलेलं नाही.