लॉग स्प्लिटरचं इंजिन गेलं, आता कोणतं बसवू?

वाकडी_पाचर:
मंडळी, काकांनी बरीच वर्षं वापरलेला हायड्रॉलिक लॉग स्प्लिटर, म्हणजे तेलाच्या दाबाने पाचर ढकलून ओंडके फोडणारं मशीन, सध्या माझ्याकडे आहे. परवा एक गाठाळ ओंडका लावला, पाचर निम्मी आत गेली आणि इंजिनातून खाडकन आवाज आला. पाहतो तर खाली तेलाचं थारोळं, क्रँककेसला अंगठा जाईल एवढं भोक आणि त्यातून कनेक्टिंग रॉड बाहेर डोकावतोय. दुरुस्तीचा विषयच संपला.

बाकी पंप, सिलिंडर, व्हॉल्व्ह सगळं ठणठणीत आहे. सिलिंडरचा बोअर (आतला व्यास) ४ इंच, स्ट्रोक (दट्ट्याची धाव) २४ इंच. पंपावर ‘११ जीपीएम (मिनिटाला गॅलन), टू स्टेज’ असं पुसटसं वाचता येतं. जुन्या इंजिनावर साडेपाच एचपी लिहिलेलं होतं, पण ते स्टिकरही अर्धं उडालेलं.

एकतर होतं तेवढंच इंजिन घ्यायचं. नाहीतर एकदाच काय ते १३ एचपीचं घ्यायचं. तिसरं म्हणजे, एका मित्राकडे मोडीत काढलेल्या जनरेटरचं चांगलं चालू इंजिन पडून आहे, ते तो फुकट देतोय. खरं सांगतो, माझं मन १३ वर बसलंय. गाठीचं लाकूड आलं की पाचर अडते, व्हॉल्व्ह शिट्टी मारतो आणि वाटतं, इंजिनालाच दम नाही. बरोबर आहे ना?

तेलकट_हात:
नाही. शिट्टी वाजते म्हणजे इंजिन पुरून उरलंय. ती शिट्टी रिलीफ व्हॉल्व्हची. दाब ठरलेल्या हद्दीला पोचला की तो उघडतो आणि तेल टाकीत परत जातं. इंजिन कमी पडलं असतं तर ते धापा टाकून बंद पडलं असतं, शिट्टीपर्यंत गोष्ट गेलीच नसती.

पाचरीचा जोर म्हणजे दाब गुणिले दट्ट्याचं क्षेत्रफळ. ४ इंच बोअरचं क्षेत्रफळ साधारण ८१ चौरस सेंटिमीटर. रिलीफ २५०० पीएसआयला लावला असेल, म्हणजे १७२ बार, तर जोर १४ टनांच्या आसपास. आता या हिशेबात इंजिन कुठे आलं का बघा. १३ एचपी लावलं तरी १४ टनच. (आणि कृपा करून रिलीफचा स्क्रू आवळायला जाऊ नका. होज फुटला की गरम तेल अंगावर येतं.)

इंजिन लागतं ते हा दाब ठरावीक वेगाने टिकवायला. तुमच्या पंपात गिअरच्या दोन जोड्या आहेत. पाचर मोकळी धावते तेव्हा दोन्ही मिळून ३६०० आरपीएमला मिनिटाला ४१ लिटर तेल ढकलतात. लाकूड लागलं, दाब वाढला की मोठी जोडी बाजूला होते आणि छोटी एकटीच काम करते, तेव्हा जेमतेम पाव प्रवाह उरतो. म्हणून पाचर एकदम मंदावते. तो दोष नाही, पंपाची रचनाच तशी आहे. बार गुणिले लिटर भागिले ६०० केलं की किलोवॅट मिळतात. १७२ गुणिले ११ भागिले ६००, म्हणजे सव्वातीनच्या आत. पंपातली गळती आणि घर्षण धरून सुमारे ५ एचपी. जुनं साडेपाचचं इंजिन कुणीतरी विचार करूनच बसवलं होतं.

खरेदी करताना एचपीपेक्षा सीसी बघा. होंडाचं जीएक्स २०० आधी साडेसहा एचपी म्हणून विकलं जायचं, आता साडेपाच म्हणतात. इंजिन तेच, १९६ सीसी. मोजायची पद्धत बदलली. २०० सीसीच्या आसपासचं घ्या आणि झोपा. १३ एचपीच्या वर्गातल्या इंजिनाचा शाफ्ट (बाहेर येणारा फिरता दांडा) १ इंचाचा असतो, पायाची भोकंही दुसरीकडे येतात. कपलिंग (इंजिन आणि पंपाचे शाफ्ट जोडणारा भाग), ब्रॅकेट, सगळंच नवं करावं लागेल.

खाटखुट:
फुकटच्या इंजिनाच्या नादी लागू नका. मी लागलो होतो. जनरेटरच्या इंजिनाचा शाफ्ट बहुतेक वेळा निमुळता असतो, त्यावर सरळ बोअरचं कपलिंग बसत नाही. हे मला इंजिन फ्रेमवर चढवून झाल्यावर कळलं. दोन दिवस गेले, शेवटी उतरवून ठेवलं. पाण्याच्या पंपाच्या काही इंजिनांना शाफ्टवर आटे असतात, तेही तसंच. गवत कापायच्या मशीनचं तर बघूच नका. शाफ्ट उभा असतो, शिवाय बऱ्याच मॉडेल्सचं फ्लायव्हील (इंजिनाची गती टिकवणारं जड चाक) हलकं असतं, कारण खालचं पातंच फ्लायव्हीलचं काम करतं. पातं काढलं की दोरी हात हिसकते.

सोळावा_वेढा:
माझं थोडं वेगळं मत. पुढे पंप १६ जीपीएमचा करायचा विचार असेल तर आत्ताच २७० सीसी घ्या, दोनदा खर्च नको. तुमचा सिलिंडर भरायला ५ लिटरच्या आत-बाहेर तेल लागतं. ११ च्या पंपावर पाचर पूर्ण बाहेर यायला ७ सेकंद, १६ च्या पंपावर ५. ओंडके लावायला दुसरा माणूस असेल तर दिवसभरात फरक जाणवतो. एकटे असाल तर ते दोन सेकंद पुढचा ओंडका उचलण्यातच जातात. १६ ला सक्शनचा पाइपही मोठा करावा लागतो, हे आधी धरा.

वाकडी_पाचर:
मी एकटाच असतो. म्हणजे ११ चा पंप राहतोय, १३ एचपीचं खूळ गेलं. (थोडं वाईट वाटलं.)

काल व्हर्नियर घेऊन बसलो. जुना शाफ्ट १९.०५ मिमी, म्हणजे पाऊण इंच, चावी (शाफ्टच्या खाचेत बसणारी पट्टी) ३/१६ इंचाची. पायाची भोकं १६२ बाय ७५.५ मिमी. कपलिंगमधल्या रबरी स्पायडरचा भुगा झालेला, दोन्ही लोखंडी जबडे एकमेकांवर घासत होते. एक विक्रेता २० मिमी शाफ्टचं इंजिन द्यायला निघाला होता. म्हणाला, “एक मिलीमीटरचा तर फरक, ठोकून बसेल.” मी म्हटलं, राहू दे.

आणखी एक. इंजिन मेलं कशाने, ते बहुतेक कळलं. मी मशीन उतारावर लावतो, इंजिनाची बाजू कायम खाली. तेल दर वेळी बघायचो, पण तेही तिथेच, कलत्या मशीनवर.

तेलकट_हात:
मग कोडं सुटलं. या छोट्या इंजिनांत तेलाचा पंप नसतो. रॉडच्या तळाशी एक पळी असते, ती तेल उडवते. इंजिन कललं की तेल एका बाजूला जातं, पळी कोरडी फिरते आणि आधी रॉडचंच बेअरिंग पकडतं. होंडा जीएक्ससाठी २० अंश ही मर्यादा देते. चाकाखाली फळ्या घाला, तेलही सपाट जागीच बघा. तेल कमी झाल्यावर बंद पडणारं मॉडेल मिळालं तर तेच घ्या; कलतं लावलंत तर ते सुरूच होणार नाही, मग इथे येऊन इंजिन बिघडलंय म्हणू नका.

स्पायडर नवा टाका. जबड्यांमध्ये दीड मिलीमीटर फट ठेवा, हातोडा लावू नका. सगळं आवळून झालं की स्पार्क प्लग काढा आणि दोरी हळूच ओढून बघा, कुठे अडतंय का. आणि हो, नवं इंजिन खोक्यातून कोरडंच येतं. ०.६ लिटर तेल आधी, प्लग आणि पेट्रोल नंतर.